संधी फलकावर, विद्यार्थी फाटकाबाहेर

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की महाविद्यालयांच्या आवारात दर वर्षी तीच लगबग दिसते. प्रवेशाच्या याद्या, शुल्क भरण्याच्या रांगा, वसतिगृहाच्या अर्जांची धावपळ आणि दाखल्यांसाठी तहसील कचेरीचे हेलपाटे. या गडबडीत कार्यालयाजवळच्या सूचना फलकाकडे पाहायला कोणाला सवड नसते. फलकावर मात्र वर्षभर काही ना काही लागलेले असते. युवक महोत्सवाच्या तारखा, ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेचे निवेदन, राष्ट्रीय सेवा योजनेची नोंदणी, ‘कमवा व शिका’चे अर्ज, वक्तृत्वाच्या आणि एकांकिकांच्या स्पर्धा, कुठल्या तरी शिष्यवृत्तीची संपत आलेली मुदत. काच तडकलेली, किल्ली हरवलेली अशी ती चौकट आणि आत एकावर एक टाचलेले कागद. पुष्कळ विद्यार्थ्यांची पदवीची तीन वर्षे त्या चौकटीसमोरून ये-जा करण्यात सरतात आणि त्यांतला एखादा कागद आपल्यासाठी होता, हे त्यांना कळतही नाही.

विद्यापीठात विद्यार्थ्यांना संधी नाहीत, ही तक्रार आज खरी राहिलेली नाही. संधी पुष्कळ आहेत. पण ज्यांच्यासाठी त्या निर्माण झाल्या, त्यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्यांतल्या अनेकांना त्या केवळ हजेरीपुरत्या भेटतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे आजचे दुखणे हे आहे आणि त्यावर नव्या योजनेची घोषणा हा उपाय असू शकत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे उदाहरण घेता येईल. १० फेब्रुवारी १९४९ रोजी या विद्यापीठाची स्थापना झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतला चारशे एकरांहून मोठा परिसर, एके काळी गव्हर्नरचे निवासस्थान असलेली मुख्य इमारत, जयकर ग्रंथालय, शेजारी ‘आयुका’सारखी जगन्मान्य संस्था. ज्याला या परिसरात प्रवेश मिळाला, त्याच्यापुढे एक वेगळे जग उघडते. संध्याकाळी कोणाचे तरी व्याख्यान असते, एखादे प्रदर्शन असते, कुठे नाटकाची तालीम चालू असते. परंतु विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी या परिसरात राहतच नाहीत. ते पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांत शिकतात. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव असते. विद्यापीठाशी त्यांचा संबंध परीक्षेच्या अर्जापासून निकालापर्यंत. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या विद्यार्थ्याला गणेशखिंड अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. नाशिक आणि अहिल्यानगर येथे उपकेंद्रे आहेत हे खरे, पण सुरगाण्याहून नाशिक गाठणे हेही घाटरस्त्याचे काम असते.

आता या तालुक्यांतल्या एखाद्या मुलीच्या दिवसाचा विचार करावा. पहाटे उठून घरचे पाणी भरायचे, पाड्यावरून चालत रस्त्याला लागायचे, एसटी पकडायची, तासिका संपल्या की मिळेल त्या गाडीने परतायचे. शेवटची गाडी पाचला सुटत असेल, तर तिच्या दृष्टीने महाविद्यालय पाचला संपले. नाटकाची तालीम सहाला सुरू होते. वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी रात्री आठपर्यंत लांबते. आई-वडिलांनी नकार दिला म्हणून ती आली नाही, असे मग म्हटले जाते. आई-वडिलांच्या मागासलेपणावर चार शब्द बोलले जातात. तिला परत घरी कसे पोहोचवायचे याचा विचार कार्यक्रम आखताना कोणी केला होता का, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. मुलीला रात्री एकटी पाठवू नये असे वाटणाऱ्या बापाला दोष देण्याआधी कार्यक्रम दुपारी बाराला ठेवून पाहायला काय हरकत आहे?

परिपत्रकाचा प्रवासही असाच. विद्यापीठातून निघालेला कागद प्राचार्यांकडे येतो, तिथून विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे, तिथून फलकावर. जुन्या काळी तो टपालाने यायचा, आता ई-मेलने येतो. फलकावर लागायला लागणारा वेळ फारसा घटलेला नाही. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी लागलेली सूचना ही सूचना लावल्याचा पुरावा असते, इतकेच. त्यात भर म्हणजे अनेक राष्ट्रीय पातळीवरच्या योजनांची निवेदने इंग्रजीत आणि तीही सरकारी इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा पहिल्या परिच्छेदालाच थांबतो. हे आपल्यासाठी नाही, असे त्याला वाटते. मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावे, असा आग्रह नव्या शैक्षणिक धोरणाने धरला आहे. त्या आग्रहाचा आरंभ दोन पानांच्या सूचनेपासून करायला कोणतीही समिती नेमावी लागणार नाही.

या राज्याला विद्यार्थ्यांच्या संधींचा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. त्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. गरिबाच्या मुलाने दान म्हणून शिक्षण घेऊ नये, स्वतःच्या घामाने घ्यावे आणि ताठ मानेने घ्यावे, ही त्यामागची धारणा होती. पुढे राज्यातील विद्यापीठांनी ही कल्पना उचलली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आप्पासाहेब पवारांच्या नावाचे विद्यार्थी भवन याच तत्त्वावर चालते. पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत दिवसाचे काही तास काम करायचे आणि तासाच्या हिशेबाने मानधन घ्यायचे, असे तिचे स्वरूप.

या योजनेने खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांची पदवी पूर्ण करून दिली आहे. वसतिगृहाची खाणावळ, खोलीचे भाडे, परीक्षेचा अर्ज या गोष्टी तिच्यावर भागतात. म्हणूनच तिच्याकडे ‘विद्यार्थ्यांसाठीचा एक उपक्रम’ म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्याच्या घरून महिन्याला पैसे येत नाहीत, त्याला मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडणे हा उपक्रमाचा तपशील नसतो. तो त्याच्या जेवणाचा प्रश्न असतो. प्राध्यापकांचे वेतन दोन महिने अडले, तर मोर्चा निघतो, आणि तो निघालाही पाहिजे. या मुलांचे मानधन अडले, तर ती गुपचूप एक वेळ जेवतात. शिवाय कामाचे स्वरूप काय, हेही पाहिले पाहिजे. फाइली इकडून तिकडे नेण्यात तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याला रोख मानधन मिळते, अनुभव काही मिळत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला रोपवाटिका, मराठीच्या विद्यार्थ्याला हस्तलिखितांची सूची, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला हिशेब तपासणीत मदत, अशी कामे त्याच परिसरात पडून असतात. ती द्यायला जादा खर्च येत नाही, फक्त कोणी तरी बसून विचार करावा लागतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचीही कथा अशीच मननीय आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. कोणार्कच्या रथचक्राचे तिचे बोधचिन्ह आजही स्वयंसेवकाच्या छातीवर असते. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा क्रम आहे. हे शिबिर म्हणजे शहरी मुलाची गावाशी आणि गावातल्या मुलाची स्वतःच्या गावाकडे नव्या नजरेने पाहण्याशी पडणारी गाठ. शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपणे, हाताने बंधारा बांधणे, रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य करणे, पाळीप्रमाणे भाजी चिरणे आणि भांडी घासणे. सात दिवसांत जात, आडनाव, बापाची मिळकत यांच्या भिंती जेवढ्या पडतात, तेवढ्या सामाजिक ऐक्यावरच्या परिसंवादांत पडत नाहीत. ज्यांनी असे शिबिर मनापासून केले, त्यांना वीस वर्षांनंतरही त्या गावाचे नाव आठवते.

पण शिबिरे मनापासून होतात का? कोठे होतात, कोठे होत नाहीत. जेथे कार्यक्रम अधिकारी तळमळीचा असतो, तेथे गाव बदललेले दिसते. जेथे तो नाइलाजाने नेमलेला असतो, तेथे श्रमदान दोन तास, छायाचित्र पाच मिनिटे आणि उद्घाटनाची भाषणे अर्धा दिवस, असा हिशेब असतो. याचा सगळा दोष त्या प्राध्यापकावर टाकता येणार नाही. अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, तासिका तत्त्वावरच्या तुटपुंज्या मानधनावर वर्ग चालले. उरलेल्या मोजक्या नियमित प्राध्यापकांच्या गळ्यात सेवा योजना, क्रीडा, परीक्षा, मूल्यांकन, शिष्यवृत्ती अशा साऱ्या माळा पडल्या. सकाळी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा माणूस संध्याकाळी नाटक बसवील आणि रविवारी शिबिराची जागा पाहून येईल, ही अपेक्षा एखाद्या वेड्या माणसाकडूनच पूर्ण होते. महाराष्ट्राच्या सुदैवाने असे वेडे अजून आहेत.

कार्यक्रमांची संख्या मात्र वाढते आहे आणि हीच चिंतेची बाब आहे. मूल्यांकनाच्या अहवालात दाखवायला उपक्रम लागतात. उपक्रमाला छायाचित्र लागते, तेही स्थळ-काळाची नोंद असलेले. वर्षात अमुक दिन साजरे करा, असे वरून कळवले जाते, आणि महाविद्यालये ते साजरे करतात. १२ जानेवारीचा राष्ट्रीय युवक दिनही त्यातून सुटलेला नाही. स्वामी विवेकानंदांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचे भाषण, आभार आणि तासाभरात सभागृह रिकामे. ज्या संन्याशाने तरुणांना उठायला सांगितले, त्याच्या नावाने तरुणांना तासभर बसवून ठेवायचे, याला काय म्हणावे! त्या दिवशी वीस विद्यार्थ्यांनी स्वामीजींचे एक पुस्तक वाचून त्यावर आपसांत वाद घातला असता, तर तसबिरीला हार घातला नसता तरी चालले असते.

२०२० च्या टाळेबंदीत या वृत्तीने कळस गाठला होता. घराघरांत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर प्रश्नमंजूषांचे दुवे येऊ लागले. दहा-वीस प्रश्न, निम्मी उत्तरे बरोबर आली की लगेच रंगीत प्रमाणपत्र. एकेका विद्यार्थ्याकडे अशी डझनावारी प्रमाणपत्रे जमली. त्यांचे पुढे काय झाले, हे ज्याने त्याने आपल्या भ्रमणध्वनीत शोधावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आता या साऱ्या विषयाला वेगळे वळण लागले आहे. राज्य शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमांची नवी श्रेयांक रचना ठरवून दिली. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, ललित व प्रयोगजीवी कला अशा सह-अभ्यासक्रमीय विषयांना तीत श्रेयांक मिळतात. क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्काचे काम, प्रत्यक्ष कार्यानुभव यांनाही जागा आहे. आजवर जे ‘अभ्यासाबाहेरचे’ म्हणून हिणवले जात होते, ते अभ्यासात आले. या धोरणाचे हे मोठे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने दिले पाहिजे. तालमीत गेलेली संध्याकाळ वाया गेली, असे आता घरी कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही श्रेयांकाबरोबर एक धोका दारात येऊन उभा राहतो. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाचा एक श्रेयांक म्हणजे ढोबळमानाने ३० तास. हे ३० तास कसे मोजायचे? हजेरीपटावरच्या सहीने मोजले, तर टाळेबंदीतल्या प्रमाणपत्रांचीच नवी आवृत्ती निघेल. फरक एवढाच, की या वेळी ती गुणपत्रिकेवर छापली जाईल. एकेका वर्गातल्या शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांना कार्यानुभव द्यायचा, तर तालुक्याच्या गावी तेवढे कारखाने, तेवढ्या कचेऱ्या आहेत कोठे? मग ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून काम भागवले जाईल. हे टाळायचे असेल, तर तालुक्यातच काम शोधावे लागेल. ग्रामपंचायतीचे दप्तर, सहकारी सोसायटीचा हिशेब, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदी, पाणलोटाची मोजणी, बोलीभाषेतल्या गाण्यांचे आणि गोष्टींचे संकलन, गावातल्या जुन्या मंदिराची आणि बारवेची नोंद. हे काम खरे आहे, गावाला हवे आहे आणि त्यासाठी पुण्याला यावे लागत नाही. अकोल्याच्या डोंगरातला विद्यार्थी हे काम पुण्यातल्या विद्यार्थ्यापेक्षा चांगले करील, कारण ती माणसे आणि ती भाषा त्याची आहे. (अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, विदर्भात नाही, हे काही परिपत्रके काढणाऱ्यांनाही सांगावे लागते, असे गमतीने म्हटले जाते.)

विद्यार्थ्यांचा कार्यक्रम कसा असावा, याचा वस्तुपाठ पुण्यातच आहे आणि तो विद्यापीठाने नव्हे, महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने घालून दिला. १९६३ पासून ती पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवत आली आहे. एकांकिका लिहिण्यापासून पडदा ओढण्यापर्यंत राबतात ते विद्यार्थी. रात्र रात्र तालमी होतात, भांडणे होतात, कोणी रुसून निघून जाते, आयत्या वेळी दुसरा उभा राहतो. भरत नाट्य मंदिरातला तो आरडाओरडा वडीलधाऱ्यांना कधी कधी असह्य होतो. पण या गोंधळातून मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला पिढ्यान्‌पिढ्या कलावंत मिळाले. या स्पर्धेचा मानही साधा नाही. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकांकिका आढळली नाही, म्हणून करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. हे फार कठोर झाले, असेही काही जण म्हणाले. वस्तुतः त्या निर्णयात विद्यार्थ्यांविषयीचा आदर होता. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र देणाऱ्या काळात कोणी तरी त्यांना सांगितले, की तुम्ही याहून चांगले करू शकता.

विज्ञानाच्या क्षेत्रातही असे उदाहरण आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ची धुरा सांभाळली, तेव्हा विद्यापीठाच्या आवारातली ही संस्था संशोधकांपुरती राहणार नाही, याची काळजी घेतली. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिचे दरवाजे सर्वांसाठी उघडतात आणि रांगा लागतात. मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. त्याप्रमाणे ते उत्तरे लिहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा अनेक घरांत ती पोस्टकार्डे पुन्हा बाहेर काढली गेली असतील. पन्नास पैशांच्या एका कार्डाने जे साधले, त्यासाठी सभागृह, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवासखर्च यांतले काहीच लागले नव्हते. नारायणगावजवळच्या खोडद येथे महाकाय दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनी ग्रामीण भागातील विद्यार्थी आपापले प्रकल्प मांडतात, हजारो लोक ते पाहायला येतात. ही जत्रा पुण्याबाहेर, जुन्नर तालुक्यात भरते, ही तिची खरी थोरवी.

या दोन्ही ठिकाणी विद्यार्थी श्रोता नाही, कर्ता आहे. महाविद्यालयात त्याला कर्ता होऊ द्यायचे, तर त्याच्या हाती काही अधिकार द्यावा लागतो, आणि नेमके तेथेच महाराष्ट्र गेली तीन दशके अडखळतो आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून वर्गात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला विद्यार्थी परिषदेवर नेमण्याची पद्धत आणली. आधीच्या निवडणुकांत हाणामाऱ्या झाल्या होत्या, रक्त सांडले होते. त्या वेळच्या निर्णयामागची भीती खोटी नव्हती. परंतु पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचे गाऱ्हाणे मांडेलच, असे नाही. बहुधा तो अभ्यासात मग्न असतो आणि आपल्याला परिषदेवर का बसवले, हे त्यालाच उमगत नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी हे थेट मतदानाने निवडले जावेत, असे ठरले. २०१९ मध्ये त्या होणार असे जाहीरही झाले. मग पूरस्थिती आणि विधानसभेची निवडणूक ही कारणे पुढे करून त्या लांबवण्यात आल्या, त्यानंतर करोनाची साथ आली आणि विषय बाजूला पडला. अठराव्या वर्षी जो खासदार निवडू शकतो, त्याला महाविद्यालयाचा सांस्कृतिक सचिव निवडण्याची पात्रता नाही, ही भूमिका किती दिवस टिकणार? २००६ च्या लिंगडोह समितीने खर्चाला, वयाला, प्रचाराला मर्यादा घालून दिल्या आहेत. त्या पाळायला लावणे हे प्रशासनाचे काम आहे. निवडून आलेला सचिव त्याला मते देणाऱ्यांना बांधलेला असतो. महोत्सवाची सूचना आदल्या दिवशी लागली, तर जाब विचारायला त्याच्यामागे पन्नास जण असतात.

पैशाचा मुद्दाही टाळता येत नाही. योजना कागदावर उत्तम आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. निवास-भोजनाची रक्कम थेट खात्यात जमा होते. जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. इतके असूनही एखाद्या पाड्यावरची मुलगी शुल्काच्या भीतीने साध्या पदवीकडे वळत असेल किंवा बारावीनंतर घरीच बसत असेल, तर योजना तिच्या घरापर्यंत गेली नाही, असाच त्याचा अर्थ. अर्ज भरण्यासाठी तिला गावातल्या संगणकवाल्याला पैसे द्यावे लागतात, त्रुटी निघाली तर पुन्हा द्यावे लागतात. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ‘कमवा व शिका’मधल्या दोन विद्यार्थ्यांना जून ते सप्टेंबर एवढ्याच कामासाठी बसवले, तर दोन्ही बाजूंचे भले होईल.

युवक महोत्सवांचे वेळापत्रक लवकरच महाविद्यालयांच्या हाती पडेल. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्यातील सर्व विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ अशी ही चढण असते. पहिली फेरी जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता दोन-तीन तालुक्यांसाठी मिळून एका ग्रामीण महाविद्यालयात ठेवणे, ती दुपारी चारच्या आत संपवणे, आणि संघाचा प्रवासखर्च देयके सादर झाल्यावर काही महिन्यांनी देण्याऐवजी निघण्यापूर्वी प्राध्यापकाच्या हातात ठेवणे, एवढे विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाला याच वर्षी करता येईल. त्यासाठी ना कायदा बदलावा लागतो, ना मंत्रालयाची मंजुरी. सुरगाण्याच्या आगाराला पत्र लिहून त्या एका दिवसापुरती शेवटची एसटी तासभर थांबवून घेणे हे प्राचार्यांच्या हातचे आहे. पत्र वेळेवर जायला हवे.